उलटी प्रदक्षिणा

मोटारीचे दोनच भाग मला खात्रीने ओळखता येतात : हॉर्न आणि पेट्रोलचा काटा. तरीही मी मोटारींच्या शर्यतींवर अधिकाराने लिहिणार आहे. कारण न्यू जर्सीच्या भाच्याने मला एकदा वॉटकिन्स ग्लेनची शर्यत दाखवली, आणि तिकिटाचे पैसे वसूल करणे हा आमच्या घराण्याचा बाणा आहे.

स्टॉक कार म्हणजे दुकानातून आणलेली साधी गाडी. १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था निघाली तेव्हा यात बरेच तथ्य होते. चोरटी दारू पोचवताना पोलिसांना हुलकावण्या देऊन तयार झालेले काही चालकही त्या शर्यतींत होते. आता त्या गाडीत दुकानातले काही उरलेले नाही. खानावळीच्या पाटीवर ‘घरगुती’ असते ना, तसे ते नाव राहिले आहे.

या शर्यती बहुतेक अंडाकृती मार्गावर होतात. तिथे सगळे डावीकडे वळतात. मग पुन्हा डावीकडे. म्हणजे चक्क उलटी प्रदक्षिणा! शेकडो फेऱ्या आणि पुण्य शून्य.

पण गाडीला उजवी बाजूही असते, हे १९५४ साली कुणाच्या तरी ध्यानात आले. न्यू जर्सीतल्याच लिंडनच्या विमानतळावर वाकडातिकडा मार्ग आखून शर्यत झाली. ती जिंकली अल केलरने, तीही जग्वार या विलायती गाडीतून! अमेरिकन अभिमानाला हे इतके लागले असावे, की या मुख्य मालिकेत परदेशी गाडीला पुढचा विजय मिळायला २००८ साल उजाडले.

वळणावळणाच्या मार्गाचा पहिला तोटा मी स्वतः भोगला. अंडाकृती मैदानात एका जागी बसून सगळे दिसते. इथे गाड्या कानठळ्या बसवत येतात, जातात, आणि आपण सव्वा मिनिट झाडे बघत बसतो. असे ९० वेळा. शिवाय दीड टनाचे ते धूड वळणांसाठी जन्मलेलेच नव्हते. पुढच्याला गाठणेही अवघड.

“मग फायदा काय रे?”

“मामा, इथे ब्रेक, गिअर, उजवं, डावं, सगळं यावं लागतं. नुसतं इंजिन जिंकून देत नाही.”

ते खरे होते. पूर्वी काही संघ अशा शर्यतीपुरता वळणांचा वाकबगार चालक बाहेरून आणत. लग्नापुरता आचारी आणावा तसा. २०२३ साली शिकागोच्या रस्त्यांवर न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन आला आणि पदार्पणातच जिंकला. आचाऱ्याने यजमानांनाच जेवायला बसवले!

आमच्यासमोर सरळ, सुसाट रस्त्याच्या शेवटी एक नागमोडी मुरड होती. तिला ‘बस स्टॉप’ म्हणतात. जिथे काहीच थांबत नाही असा बस स्टॉप मी पुण्यातही पाहिला आहे. म्हटले, “चांगल्या सरळ रस्त्यात ही नसती भानगड कशाला? सगळी मजाच घालवली.”

भाचा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, १९९१ मध्ये या सरळ रस्त्याच्या टोकाला जे. डी. मॅकडफी गेला. ६५३ शर्यती खेळला होता. एकही जिंकला नव्हता. दुसऱ्या वर्षी ही मुरड घातली.”

यावर विनोद सुचेना. भाच्याने आणखी एक सांगितले. दोनदा विजेतेपद मिळवलेला जो वेदरली आगीत अडकायच्या भीतीने खांद्याचा पट्टा लावत नसे. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या वळणावर त्याचे डोके खिडकीबाहेर भिंतीवर आदळले. पुढे खिडक्यांना जाळ्या आल्या.

पुढच्या फेरीत गाड्या मुरडीपाशी आल्या, मंदावल्या, वळल्या आणि गेल्या. मी एकेक मोजली. सगळ्या गेल्या. मजा कमी झाली होती खरी. पण एवढा तोटा सोसायला हरकत नाही.

परतताना भाच्याने न सांगता मी पट्टा लावला. आजवर तो मला पोटाला काचतो म्हणून आवडत नसे.