निळ्या बालकांचे तीन उपकारकर्ते

प्रयाग येथें गंगा व यमुना यांचा संगम डोळ्यांना दिसतो. एकीचें पाणी पांढुरकें, दुसरीचें सांवळें. दोहोंचा मिलाफ कोणत्याहि यात्रेकरूला ओळखतां येतो. परंतु त्या स्थळाला त्रिवेणी म्हणतात तें न दिसणाऱ्या तिसऱ्या सरस्वतीमुळें. मानवी ज्ञानाच्या इतिहासांतहि असे संगम आढळतात. दोन नांवें ग्रंथांतून ठळकपणें कोरलीं जातात आणि तिसरा प्रवाह वाळूखालून मुकाट्यानें वाहत राहतो. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं १९४४ सालीं एका लहानग्या बालिकेच्या हृदयविकारावर जी युगप्रवर्तक शस्त्रक्रिया झाली, तिची कथा अशाच एका त्रिवेणीची आहे.

कांहीं मुलें जन्मतःच हृदयांत दोष घेऊन येतात. निरोगी शरीरांत अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या भागांतून फुप्फुसांत जातें, तेथें प्राणवायु घेऊन तांबडेंलाल होतें व डाव्या भागांत परत येऊन सर्व शरीराला पुरविलें जातें. या बालकांच्या बाबतींत फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. हृदयाच्या दोन मोठ्या कप्प्यांमधील पडद्याला भोंक असतें. शरीराला रक्त पुरविणारी महारोहिणी नेमकी त्या भोंकावर सरकून बसलेली असते, आणि अडलेलें रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली असते. परिणामीं पुष्कळसें रक्त फुप्फुसांत न जातां तसेंच शरीरांत फिरूं लागतें. ओठ, नखें, जीभ निळसर पडतात. मूल चार पावलें चाललें कीं धापा टाकतें आणि उकिडवें बसतें. तसें बसल्यानें त्याला थोडा आराम वाटतो, हें त्याला कोणी शिकविलेलें नसतें.

फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य फॅलो यांनीं १८८८ सालीं या चार दोषांचें एकत्रित वर्णन केलें, व त्यांचेंच नांव या विकाराला मिळालें. पण वर्णन म्हणजे उपाय नव्हे. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ वैद्यांना रोगाचें नांव ठाऊक होतें, मृत्यूनंतर हृदय उघडून दोष दाखवितांहि येत होते, परंतु जिवंत मुलाच्या आईला सांगण्यासारखें कांहींच नव्हतें. ज्ञान होतें, परंतु तें रोग्याच्या उशापर्यंत पोहोंचत नव्हतें.

हें अंतर तोडण्याचा ध्यास एका बाईंनीं घेतला. हेलन टॉसिग यांचा जन्म १८९८ सालचा. त्या अकरा वर्षांच्या असतांना त्यांची आई क्षयानें वारली. लहानपणीं अक्षरें वाचतांना त्यांना फार कष्ट पडत. त्या काळीं हार्वर्ड विद्यापीठ स्त्रियांना वैद्यकाची पदवी देत नसे. म्हणून त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यालयांत आल्या व १९२७ सालीं डॉक्टर झाल्या. १९३० सालीं तेथील बालरुग्णालयाच्या हृदयविभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. याच सुमारास त्यांची श्रवणशक्ति क्षीण होत गेली. ज्यांना हृदयाचे ठोके ऐकावयाचे, त्यांनाच ऐकूं येईनासें झालें! टॉसिगबाईंनीं हार मानली नाहीं. मुलाच्या छातीवर बोटें ठेवून स्पर्शानें ठोके ओळखण्याची कला त्यांनीं आत्मसात् केली, व क्ष-किरणांच्या पडद्यावर धडधडणाऱ्या हृदयाची आकृति त्या तासन्‌तास न्याहाळूं लागल्या.

या निरीक्षणांतून त्यांच्या ध्यानांत एक विलक्षण गोष्ट आली. आईच्या उदरांत असतांना मूल फुप्फुसांनीं श्वास घेत नाहीं. म्हणून महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांना जोडणारी एक आंखूड वाहिनी त्या वेळीं उघडी असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. निरोगी मुलाला तिचें मिटणें हितकारक असतें. परंतु निळ्या मुलांपैकीं ज्यांची ही वाहिनी उघडी राहिली होती, तीं मुलें त्यांतल्या त्यांत बरी असत, आणि ती मिटूं लागली कीं त्यांची प्रकृति झपाट्यानें ढासळे. म्हणजे निसर्ग जें दार लावतो तें या मुलांच्या बाबतींत मृत्यूचें दार ठरत होतें. मग माणसानें तसलेंच एक दार नव्यानें कां उघडूं नये?

बोस्टन येथील शल्यवैद्य रॉबर्ट ग्रॉस यांनीं १९३८ सालीं एका मुलीची अशी उघडी राहिलेली वाहिनी यशस्वी रीतीनें बांधून टाकली होती. टॉसिगबाई त्यांच्याकडे गेल्या. परंतु ग्रॉस तो मार्ग बंद करण्याच्या खटपटींत होते. तो नव्यानें निर्माण करण्याची कल्पना त्यांना रुचली नाहीं. बाई प्रश्न घेऊन परत आल्या आणि वाट पाहत राहिल्या.

इकडे बाल्टिमोरमध्यें प्रश्नाला उत्तर नव्हतें. तिकडे दक्षिणेकडील नॅशव्हिल शहरांत एक उत्तर प्रश्नावांचून पडून होतें. तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत डॉ. अल्फ्रेड ब्लॅलॉक हे शल्यवैद्य प्रयोग करीत असत. १९३० सालच्या फेब्रुवारींत त्यांनीं एकोणीस वर्षांच्या एका तरुणाला मदतनीस म्हणून ठेवलें. त्याचें नांव व्हिव्हियन टॉमस. टॉमस हे कृष्णवर्णीय, सुताराचे पुत्र व स्वतः कुशल सुतार. डॉक्टर होण्याची त्यांची मनीषा होती, व त्यासाठीं त्यांनीं पै पै करून रक्कम सांठविली होती. त्या वर्षींच्या आर्थिक मंदींत पेढी बुडाली आणि ती शिल्लकहि बुडाली. आठवड्याला बारा डॉलर पगारावर टॉमस प्रयोगशाळेंत राहिले. काम संशोधकाचें, परंतु पगारपत्रकावर त्यांची नोंद झाडूवाल्याची.

या दोघांनीं मिळून आघातानें येणाऱ्या मूर्च्छेचा अभ्यास केला. तिचें कारण शरीरांतील रक्त व द्रव कमी होणें हें आहे, असें त्यांनीं दाखविलें. दुसऱ्या महायुद्धांत रक्त व रक्तद्रव देऊन असंख्य सैनिक वांचविण्यांत आले, त्याच्या मुळाशीं हें ज्ञान होतें. १९३८ च्या सुमारास त्यांनीं आणखी एक प्रयोग केला होता. फुप्फुसांतील रक्ताचा दाब वाढवून पाहावा म्हणून हाताकडे जाणारी रोहिणी कापून ती त्यांनीं कुत्र्याच्या फुप्फुसरोहिणीला जोडली. दाब अपेक्षेप्रमाणें वाढला नाहीं. प्रयोग फसला म्हणून बाजूला पडला. परंतु टॉमस यांच्या हातांतील जोडणीची कला मात्र फसली नव्हती.

१९४१ सालीं ब्लॅलॉक यांना जॉन्स हॉपकिन्स येथें मुख्य शल्यवैद्य म्हणून बोलावणें आलें. टॉमस यांना बरोबर घेऊनच ते तेथें गेले. त्या काळचें बाल्टिमोर वर्णभेदानें विभागलेलें होतें. रुग्णालयांत कृष्णवर्णीय नोकर असत ते बहुधा झाडलोटीच्या कामावर. पांढरा डगला घालून टॉमस आवारांतून जाऊं लागले कीं लोक थांबून पाहत.

१९४३ सालीं टॉसिगबाई या दोघांकडे आल्या. नळ बसविणारा कारागीर एका नळाचें पाणी दुसऱ्यांत वळवितो, तसें अधिक रक्त फुप्फुसाकडे वळवितां येणार नाहीं काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. नॅशव्हिलच्या फसलेल्या प्रयोगाला त्या दिवशीं त्याचा खरा प्रश्न सांपडला.

तरीहि कल्पना सुचणें निराळें आणि दहा पौंडांच्या बालकावर ती अंमलांत आणणें निराळें. आधीं कुत्र्यांत तसला विकार कृत्रिमपणें उत्पन्न करावयाचा, मग जोडणी करून तो दूर होतो कीं नाहीं तें पाहावयाचें, आणि जोडणी महिनोन्‌महिने टिकते याची खात्री करावयाची. हें सारें काम टॉमस यांच्यावर आलें. सुमारें दोन वर्षांत त्यांनीं दोनशेंच्या आसपास कुत्र्यांवर प्रयोग केले. लहान रोहिण्यांना शोभतील अशा सुया बाजारांत मिळत नव्हत्या. मोठ्या सुया तोडून, त्यांना पुन्हां धार लावून त्यांनीं त्या तयार केल्या. रोहिणी चेंगरूं न देतां धरून ठेवणारे चिमटेहि सुधारून घेतले. सुताराच्या घरांत शिकलेली मापाची व सांध्याची नजर येथें कामीं आली. या मुक्या प्राण्यांचें ऋणहि विसरतां येत नाहीं. त्यांतील ॲना नांवाच्या कुत्रीचें चित्र पुढें त्या विद्यालयांत लावण्यांत आलें.

ता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं कसोटीचा दिवस उगवला. पंधरा महिन्यांची एक बालिका, वजनानें तान्ह्या मुलाएवढी, टेबलावर होती. ही जोडणी टॉमस यांनीं कितीतरी वेळां केली होती; ब्लॅलॉक यांचा तिचा अनुभव अगदींच अल्प होता. म्हणून टॉमस यांनीं आपल्या पाठीशीं उभें राहावें, असा त्यांनीं आग्रह धरला. पायांखालीं लहान चौरंग घेऊन टॉमस त्यांच्या उजव्या खांद्यामागें उभे राहिले, आणि टांका कोणत्या बाजूनें घ्यावा, केवढ्या अंतरावर घ्यावा, हें हलक्या आवाजांत सांगत राहिले. ज्या हातांना रोग्याला स्पर्श करण्याची परवानगी नव्हती, ते हात दुसऱ्याच्या हातांतून काम करीत होते.

बालिका वांचली व घरीं गेली. परंतु कांहीं महिन्यांनीं दुखणें उलटलें, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि ती दगावली. तिच्या आईबापांना या शोधानें कांहीं महिनेच दिले, हें विसरून चालणार नाहीं. १९४५ च्या फेब्रुवारींत आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सहा वर्षांच्या मुलाच्या रोहिणीवरील चिमटे काढतांच त्याचे जांभळे ओठ सर्वांच्या देखत गुलाबी झाले. हातांत पुस्तक न घेतलेल्या अडाण्यालाहि कळेल असा तो पुरावा होता.

मे १९४५ मध्यें अमेरिकन वैद्यकसंघाच्या मुखपत्रांत या तीन मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. लेखाखालीं दोन नांवें होतीं: ब्लॅलॉक आणि टॉसिग. टॉमस यांचें नांव त्यांत कोठेंहि नव्हतें. देशोदेशींचे आईबाप आपलीं निळीं मुलें घेऊन बाल्टिमोरला येऊं लागले. १९४७ सालीं ब्लॅलॉक यांनीं लंडन व पॅरिस येथें जाऊन ही शस्त्रक्रिया करून दाखविली. आणि टॉमस? पगार पुरेना म्हणून ज्या ब्लॅलॉक यांच्या हातांना त्यांनीं दिशा दिली होती, त्यांच्याच घरच्या मेजवान्यांत ते पाहुण्यांना पेयें देण्याचें काम करीत. पुन्हां सुतारकामाकडे वळण्याचा विचारहि त्यांच्या मनांत येऊन गेला. तेव्हां ब्लॅलॉक यांनीं खटपट करून त्यांचा पगार वाढवून घेतला. ब्लॅलॉक हे कृतघ्न होते असें नाहीं. टॉमस यांच्या योग्यतेची त्यांना पुरेपूर जाणीव होती. परंतु बंद खोलींत दिलेला मान आणि चारचौघांत दिलेला मान यांत जें अंतर असतें, तें ओलांडण्याइतकें धैर्य त्यांच्या काळानें त्यांना दिलें नाहीं.

ब्लॅलॉक १९६४ सालीं वारले. टॉसिगबाई १९५९ सालीं पूर्ण प्राध्यापक झाल्या, व १९६५ सालीं अमेरिकन हृदयसंघाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा. टॉमस प्रयोगशाळेंतच राहिले. त्यांनीं शस्त्रक्रियेचे धडे दिलेले तरुण निरनिराळ्या शहरीं नामांकित शल्यवैद्य झाले. त्याच शिष्यांनीं पुढाकार घेऊन १९७१ सालीं आपल्या गुरूचें तैलचित्र ब्लॅलॉक यांच्या चित्राशेजारीं लावविलें. १९७६ सालीं विद्यापीठानें त्यांना सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली. ती वैद्यकाची नव्हे, कायद्याची होती. १९८५ सालीं ते निवर्तले. पुढल्याच वर्षीं टॉसिगबाईंचा मोटार-अपघातांत अंत झाला.

शास्त्र त्यानंतर थांबलें नाहीं. १९५४ सालीं मिनेसोटा येथें लिलेहाय यांनीं प्रत्यक्ष हृदय उघडून हे दोष दुरुस्त केले, व आज बहुतेक मुलांची अशी पूर्ण दुरुस्ती बालपणींच केली जाते. परंतु ज्यांच्या रक्तवाहिन्या फार बारीक आहेत, अशा तान्ह्या मुलांना धीर धरतां यावा म्हणून कृत्रिम नळी घालून तीच जुनी जोडणी अद्यापि करतात. तिला पूर्वीं ब्लॅलॉक-टॉसिग म्हणत. आतां पुष्कळ ठिकाणीं मधें टॉमस हें नांव घालून ती तीन नांवांनीं ओळखली जाते.

या हकीकतींत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. नुसत्या रोग्याच्या उशाशीं बसून टॉसिगबाईंना उपाय सांपडला नसता. नुसत्या प्रयोगशाळेंत टॉमस यांच्या कौशल्याला प्रयोजन सांपडलें नसतें. आणि पहिली सुरी चालविण्याची जबाबदारी शिरावर घेणारे ब्लॅलॉक नसते, तर दोहोंचेंहि ज्ञान वहींतच राहिलें असतें. तिघेहि आपापल्या परीनें अपुरे होते: एकीला ऐकूं येत नव्हतें, एकाला पदवी नव्हती, एकाला हातांचा सराव नव्हता. तिघांचें मिळून मात्र कांहीं उणें राहिलें नाहीं. रुग्णालय, प्रयोगशाळा व शस्त्रगृह यांच्यामधील भिंतींना दारें पाडलीं कीं काय होतें, तें त्या सहा वर्षांच्या मुलाच्या ओठांवर उमटलें. पण माणसामाणसांतील भिंतीला दार पाडावयास त्याच संस्थेला आणखी सव्वीस वर्षें लागलीं. सरस्वती गुप्त असते असें आपण म्हणतों. कित्येकदां ती गुप्त नसते, आपणच तिच्यावर वाळू लोटलेली असते.