टायर कंपनीच्या रबरातून घडलेली 'लेडी' आर्मचेअर

गुबगुबीत आर्मचेअर आणि गाडीचा टायर यांचा काय संबंध? इटलीच्या 'लेडी' आर्मचेअरच्या बाबतीत तो फार जवळचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीला आपलं फोम रबर फर्निचरमध्ये वापरून पाहायचं होतं. १९४८ साली हे काम मिलानचे आर्किटेक्ट मार्को झानुसो यांच्याकडे आलं.

तोवर अशा खुर्च्यांमध्ये लोखंडी स्प्रिंगा आणि घोड्याचे केस भरत. कारागिराचा बराच वेळ त्यात जाई. झानुसो यांनी स्प्रिंगांऐवजी रबराचे ताणलेले पट्टे लावले आणि वर फोम बसवला. बैठक, पाठ आणि दोन हात वेगवेगळे तयार करून शेवटी जोडले. त्यामुळे कारखान्यात अशा खुर्च्या भराभर बनवणं सोपं झालं. पिरेलीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आर्फ्लेक्सने ती बनवली. १९५१ च्या मिलान त्रिएनाले प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं.

मग कारखान्यात बनलेली ही खुर्ची मूळ रूपात दुर्मीळ का?

कारण तिचं वैशिष्ट्यच तिचा कच्चा दुवा आहे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे फोम रबर हळूहळू कडक होतं आणि त्याचा भुगा पडतो. मग फोम बदलावा लागतो, त्यासोबत कापडही.

पुढे कासिना कंपनीने 'लेडी' नव्याने बाजारात आणली. त्यामुळे कुठे 'लेडी' विकायला दिसली, तर दोन गोष्टी विचारा: ती जुनी की नवी? आणि जुनी असेल, तर आतलं-बाहेरचं मूळ किती उरलं आहे?