तरुण स्त्रियांमधील नैराश्य : ओळख आणि उपाय

नागपूर जिल्ह्यातील भिवापूर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात मिरचीचे देठ खुडणाऱ्या एखाद्या तरुणीने ‘मन लागत नाही’, ‘हातापायांत जीव नाही’ असे सांगितले, तर घरची मंडळी त्याला अशक्तपणा म्हणतात, प्रसंगी कामचुकारपणाही. नैराश्य हा शब्द तिच्या तोंडी नसतो. अनुभव मात्र तोच असू शकतो.

प्रसंगाने आलेले दुःख हळूहळू ओसरते. नैराश्यात मात्र उदासी किंवा आवडत्या गोष्टींविषयीची अनास्था किमान २ आठवडे, जवळजवळ रोज टिकते. जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे, स्वतःला दोष देणे आणि मृत्यूचे विचार ही लक्षणे आढळतात. स्वयंपाक, शेतीकाम सुरू असल्याने ती बरी दिसते. प्रत्यक्षात साधे कामही तिला डोंगराएवढे वाटते.

आनुवंशिकता, बाळंतपणानंतरचा काळ, घरातील हिंसा, आर्थिक ओढाताण, अर्धवट सुटलेले शिक्षण अशी अनेक कारणे यामागे असू शकतात. रक्तक्षय व थायरॉईडच्या विकारांतही अशीच लक्षणे दिसत असल्याने त्यांची तपासणी आवश्यक ठरते.

गावपातळीवर मदत पोहोचू शकते, हे विदर्भातच दिसून आले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवण्यात आला. त्यात गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी संवाद साधला, समुपदेशन केले आणि गरजूंना डॉक्टरांकडे पाठवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

समुपदेशन व औषधे, दोन्ही गुणकारी आहेत. औषधांचा परिणाम दिसण्यास साधारणतः २ ते ४ आठवडे लागतात. त्यांचे व्यसन लागत नाही. तथापि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती बंद करू नयेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर २४ तास मराठीतूनही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीस एकटे सोडू नये व तातडीने रुग्णालयात न्यावे.

‘मन घट्ट कर’ हा उपदेश बहुतेक घरांत केला जातो. त्याऐवजी ‘तुला काय होते ते सांग’ असे विचारून शांतपणे ऐकून घेतले, तर उपचाराची वाट लवकर सापडते.