सात पापं, सहा शत्रू: एका यादीची कुळकथा

डेव्हिड फिंचरच्या ‘सेव्हन’ (1995) या चित्रपटातला खुनी माणसं मारतो ती एका यादीबरहुकूम: खादाडपणा, लोभ, आळस, वासना, गर्व, मत्सर, क्रोध. एकाला तो मरेस्तोवर खायला लावतो. एका वकिलाला स्वतःच्याच अंगाचं मांस कापायला लावतो. एकाला वर्षभर खाटेला बांधून ठेवतो आणि त्या खोलीत छताला गाडीत लावतात तसली सुगंधी कागदी झाडं टांगतो. निवृत्तीला आलेला पोलीस अधिकारी सॉमरसेट रात्री ग्रंथालयात बसून डान्टे आणि चॉसर काढतो, कारण या खुन्याचा माग बोटांच्या ठशांत नाही, जुन्या पुस्तकांत आहे हे त्याने ओळखलेलं असतं. सॉमरसेटचा तर्क बरोबर ठरतो. पण ही यादी त्या पुस्तकांहूनही कितीतरी जुनी आहे, आणि ती तयार झाली तेव्हा तिचा हेतू नेमका उलटा होता.

चौथ्या शतकात इव्हॅग्रियस नावाचा एक विद्वान कॉन्स्टँटिनोपलची प्रतिष्ठा सोडून इजिप्तच्या वाळवंटात राहायला गेला. 399 मध्ये वारला तोही तिथेच. एकांतात बसलेल्या माणसाच्या मनात कोणकोणते विचार घुसतात, हे त्याने बारकाईने पाहिलं आणि आठ विचारांची यादी केली. त्यातला सर्वांत चिवट दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ किती लांब आहे याचा अंदाज घेतो, कोणी भेटायला येतंय का ते पाहतो, आणि मग ही जागाच नको, हे कामच नको असं त्याला होतं. आळसाच्या पापाचं मूळ या दुपारच्या उबगात आहे. इव्हॅग्रियसने प्रत्येक विचारावर उताराही लिहून ठेवला: अमुक विचार आला की धर्मग्रंथातलं अमुक वचन स्वतःशी म्हणायचं. रोगी आणि वैद्य, दोन्ही भूमिका त्या एकट्या माणसाच्याच.

त्याच्या विचारांचा प्रभाव असलेल्या जॉन कॅसियनने ही यादी आजच्या फ्रान्समधल्या मठांत नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला याने गर्वाला सगळ्यांचं मूळ ठरवलं, यादीत मत्सर आणला आणि संख्या सातावर आणली. नावं पुढेही थोडी बदलत राहिली. 1215 च्या लॅटेरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी पापाची कबुली देणं बंधनकारक केलं, आणि मठातली यादी शेतकऱ्या-व्यापाऱ्यांपर्यंत पोचली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी डान्टेने सात पापांच्या क्षालनासाठी डोंगराचे सात टप्पे कल्पिले. तिथे गर्विष्ठ पाठीवर धोंडे घेऊन वाकून चालतात, मत्सरी लोकांच्या पापण्या तारेने शिवलेल्या असतात. पण ते जीव हे सगळं आपणहून सोसतात, कारण वर चढायचंय ते त्यांना स्वतःला. ‘सेव्हन’मधल्या खुन्याने डान्टेचे धोंडे आणि तारा तेवढ्या उचलल्या, तो डोंगर सोडून दिला.

आपल्याकडची यादी सहांची, आणि तिचा उगम मठात नाही, राजवाड्यात आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाने बाहेरच्या शत्रूआधी जिंकायचे सहा शत्रू दिले आहेत: काम, क्रोध, लोभ, मान, मद, हर्ष. प्रत्येकाखाली बुडालेल्यांची नावं आहेत. मानापायी रावण आणि दुर्योधन, हर्षापायी वातापी. या विनाशाला वेगळा खुनी लागत नाही, ज्याचा विकार तोच त्याला बुडवतो. पुढे मान आणि हर्ष मागे पडले, मोह आणि मत्सर आले आणि आजचे षड्रिपू ठरले. खादाडपणा आणि आळस यांना यात स्वतंत्र जागा नाही. उपास करून कोठडीत बसणाऱ्याला ते शत्रू मोठे वाटले, राज्य चालवणाऱ्याला हर्षाने बेसावध होणं जास्त घातक वाटलं.

राजासाठी केलेली ही यादी मराठी माणसाच्या घरात आणली ती संतांनी. एकनाथांच्या भारुडात काम-क्रोध विंचू होऊन नांगी मारतात. श्रीगोंद्याला, तेव्हाच्या चांभारगोंद्याला, सतराव्या शतकात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. मुसलमान कुळात जन्मलेल्या या संतकवीने ओवीत आत्म्याचं युद्ध मांडलं, आणि त्या युद्धातला शत्रू परधर्मी नाही, परगावचा नाही, आपल्याच मनातला आहे. त्याच तालुक्यात काष्टीला शनिवारी बैलबाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक बैलाचे दात बघतं, भोवरे बघतं, चालवून बघतं, खोड आहे का ते विचारतं. तशीच करडी पारख शेख महंमद करायला सांगतात, फक्त ती स्वतःची.

खुनाच्या कथेत अशी यादी आली की पारख दुसऱ्याकडे वळते. शंकर यांच्या 2005 च्या ‘अन्नियन’मध्ये, म्हणजे आपल्याकडे हिंदीत ‘अपरिचित’ म्हणून पाहिल्या गेलेल्या चित्रपटात, नायक गरुडपुराणातल्या अंधकूप, कुंभीपाक, कृमिभोजन या शिक्षा जिवंत माणसांना देतो. पुराणात हा अधिकार यमाचा आहे. तो माणसाने हाती घेतला की पाप मोजणारा स्वतःला यादीबाहेर ठेवतो, आणि प्रेक्षकही त्याच्याबरोबर सुखाने यादीबाहेर बसतो.

‘सेव्हन’ मोठा ठरतो तो इथे. शेवटी पाच पापं संपतात आणि दोन उरतात. खुनी कबूल करतो की मत्सर त्याचाच आहे, तरुण अधिकारी मिल्सच्या साध्या संसाराचा. आणि क्रोध मिल्सचा आहे, ज्याला आतापर्यंत आपण आपल्या बाजूचा मानत होतो. यादी फिरून मोजणाऱ्यावर आणि पकडणाऱ्यावर येते. इव्हॅग्रियसला आणि शेख महंमदांना हेच सांगायचं होतं. फरक एवढाच की त्यांच्याकडे लढण्याची रीतही आहे आणि जिंकण्याची आशाही. षड्रिपूंवर कोणी मराठीत असा थरारपट करणार असेल, तर त्याने सहा बळी शोधण्याआधी ‘योगसंग्राम’ उघडावा. सहाही शत्रू एकाच माणसात दाखवता आले, तर तो चित्रपट बघताना प्रत्येकाला स्वतःची धास्ती वाटेल, आणि ही यादी ज्या कामासाठी जन्मली ते काम ती पुन्हा करू लागेल.