भंडारदरा (प्रवास-माहिती)

भंडारदरा : अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील, प्रवरा नदीवरील धरणामुळे प्रसिद्ध झालेले सह्याद्रीतील पर्यटनस्थळ. विल्सन धरणाचे काम 1926 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. मुक्कामाची सोय मुख्यतः शेंडी गावात होते. मुंबईकडून येणाऱ्यांना इगतपुरी हे जवळचे रेल्वे स्थानक असून, तिथून घोटी-बारीमार्गे रस्ता आहे. जिल्ह्यातून येणारे संगमनेर-अकोले-राजूरमार्गे येतात. पेट्रोल घोटी किंवा अकोल्यात भरून घ्यावे आणि रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण रतनवाडी-साम्रदकडे मोबाइलची रेंज भरवशाची नसते.

राहायचे कुठे यापेक्षा यायचे केव्हा, हे येथे आधी ठरवायला हवे. जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके अवर्षणप्रवण असले, तरी घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात सह्याद्रीने अडवलेला पाऊस कोसळतो. सुमारे 11 टीएमसी क्षमतेचे धरण बहुधा ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरत येते. धरणातून पाणी सोडले की ते गोलसर खडकावरून चहूबाजूंनी पसरत उतरते. हाच अंब्रेला धबधबा. म्हणजे तो, आणि खालच्या अंगाचा रंधा धबधबाही, आभाळाइतकाच धरणाच्या विसर्गावर अवलंबून असतो. म्हणून पहिल्या भेटीसाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा जलाशय भरलेला, डोंगर हिरवे आणि धुके विरळ असते. 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईची बारी गावातून जाणारी वाट आणि तिच्यावरच्या लोखंडी शिड्या भर पावसातल्याइतक्या निसरड्या राहत नाहीत.

खरे भंडारदरा पावसाळ्यातच दिसते, असे अनेकांचे म्हणणे असते. पाण्याच्या जोरापुरते ते बरोबरही आहे. पण जुलैत कळसूबाईच्या माथ्यावरून बहुतेक वेळा धुक्यापलीकडे काही दिसत नाही, शनिवार-रविवारी रस्ते गाड्यांनी तुंबतात आणि साम्रदची सांदण दरी अचानक वाढणाऱ्या पाण्यामुळे जिवावर बेतू शकते. त्या अरुंद घळीत बाजूला चढून जायला जागाच नसते. पाऊस पूर्ण ओसरल्यावरही आतल्या डोहांतून थंड पाण्यात उतरूनच पुढे जावे लागते. म्हणून सांदण हिवाळ्यात आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच पाहावी.

उन्हाळा वाया जातो, हा आक्षेपही टिकत नाही. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस लागण्याआधी, इथली झाडे काजव्यांनी लखलखतात. हा उजेड काजव्यांच्या प्रजननाचा भाग आहे. गाडीचे दिवे आणि टॉर्च यांनी त्यात थेट व्यत्यय येतो. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, त्यामुळे वनखात्याच्या वेळा व प्रवेशनियम पाळणे आणि दिवे मालवून दुरूनच पाहणे हे पाहुण्याचे कर्तव्य ठरते. रतनवाडीचे कोरीव अमृतेश्वर मंदिर मात्र कोणत्याही ऋतूत पाहता येते. एकच दिवस हाताशी असेल, तर जलाशयाच्या काठाने तिथवर जाऊन यावे.