हृदयविकाराचा पुरावा, रक्ताच्या थेंबात

समजा, रात्री अकराच्या सुमारास नांदुऱ्यात कोणाच्या तरी छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी ईसीजी काढला. त्यात विशेष काही दिसले नाही. हे पित्त की हृदयविकाराचा झटका? रोग्याला आताच अकोल्याला हलवायचे, की सकाळची वाट पाहायची? आलेख निर्दोष आला म्हणजे झटका नाहीच, असे म्हणता येत नाही. ही अडचण जुनी आहे.

रक्तपुरवठा तुटला की हृदयाच्या स्नायूतील पेशी मरतात आणि त्यांतील प्रथिने रक्तात उतरतात. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या कारमेन, व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी झटक्यानंतर रक्तात एक विकर वाढते, असे दाखवले. रक्ताच्या अहवालात ‘एसजीओटी’ म्हणून दिसते ते हेच. पण ते यकृतातही असते आणि हातापायांच्या स्नायूंतही. पुरावा खरा, पण कोणत्या घरातला ते कळेना! १९६० च्या दशकात जपानच्या एबाशींनी स्नायूंत ट्रोपोनिन शोधले. हृदयातील ट्रोपोनिन-टी आणि ट्रोपोनिन-आय यांची घडण इतर स्नायूंतल्यापेक्षा वेगळी असते. याच फरकावर १९८९ मध्ये जर्मनीत काटुस आणि सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन-टीची रक्तचाचणी बसवली. मात्र तिला प्रयोगशाळा लागे.

दुसरा प्रवाहही हृदयापाशीच उगम पावतो. अमेरिकेतील लेलँड क्लार्क शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर काम करत होते. तो किती मिसळला हे मोजायचे, तर उघड्या प्लॅटिनमवर रक्तातली प्रथिने चिकटून बसत. क्लार्कनी १९५६ मध्ये विद्युत अग्रावर पातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणला. १९६२ मध्ये त्यांनी लायन्ससह त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर देण्याची कल्पना मांडली. घरोघरच्या साखर मोजण्याच्या यंत्राची ही आजी.

मग ग्लुकोज जमले, तर ट्रोपोनिन का नाही? शिक्षकांसमोर बोलताना आम्हाला हा प्रश्न हमखास येतो. एक लिटर रक्तात ग्लुकोज सुमारे १ ग्रॅम असते. ट्रोपोनिन-टीच्या एका प्रचलित चाचणीत निरोगीपणाची वरची मर्यादा १४ नॅनोग्रॅम आहे, म्हणजे सुमारे ७ कोटी पट कमी. वर्गात असे सांगता येईल: साखरेचा अर्ध्या मिलिग्रॅमचा एक दाणा दहा हजार लिटरच्या साडेतीन टँकर पाण्यात विरघळवला, आणि तो आता ओळखायचा! शिवाय ग्लुकोजवर विकराने क्रिया केली की इलेक्ट्रॉन मिळतात. ट्रोपोनिन गप्प बसते. त्यात लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन विद्युत अग्रावर गर्दी करायला तयारच असते.

उपाय निघाला तो प्रतिद्रव्यांचा. एक प्रतिद्रव्य संवेदकावर बसवायचे. ते ट्रोपोनिन धरते. दुसरे वरून येऊन चिकटते आणि त्याच्या पाठीवर अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर असते. विकराचा एक रेणू पुढच्या द्रव्याचे हजारो रेणू तोडतो. तुटलेल्या भागाचे विद्युत अग्रावर ऑक्सिडीकरण होते आणि प्रवाह वाहतो. गप्प रेणूला असा आवाज मिळतो. २००३ च्या सुमारास आलेली आय-स्टॅटची हातात मावणाऱ्या यंत्रातील ट्रोपोनिन चाचणी याच तत्त्वावर, सुमारे दहा मिनिटांत उत्तर देते.

पवईच्या आयआयटीत प्रा. व्ही. रामगोपाल राव आणि सहकाऱ्यांनी २००० नंतर वेगळी वाट धरली. एका टोकाला घट्ट धरलेल्या बहुवारिकाच्या सूक्ष्म पट्टीवर त्यांनी प्रतिद्रव्ये बसवली. हृदयविकाराचे सूचक प्रथिन चिकटले की पट्टी किंचित वाकते आणि तिच्यातला विद्युतरोध बदलतो. काटेकोरपणे पाहता हे विद्युतरसायन नव्हे, पण आम्हाला ती युक्ती फार आवडते.

नांदुऱ्याच्या त्या रोग्यापाशी असे यंत्र असते तरी एक पेच राहतो. ट्रोपोनिन रक्तात दिसू लागायला काही तास जातात. म्हणून दुखणे सुरू होताच केलेली पहिली चाचणी निर्दोष आली, तरी ती काही तासांनी पुन्हा करावी लागते. आणि ईसीजीमध्ये झटका स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या उत्तरासाठी थांबायचेच नसते. गाडी काढायची असते.