धूर, अग्नी आणि सौंसर तहसील

‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे नैयायिकांचे आवडते उदाहरण. ते उलटे करून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ म्हटले की फसलेच. भट्टीतून काढलेल्या लोखंडाच्या लाल गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. एक विधान खरे, म्हणून त्याचे उलटे विधान आपोआप खरे होत नाही. नियम पाठ्यपुस्तकी वाटेल. पण आमची जामसांवली कोणत्या राज्यात राहावी हे ज्या वादात ठरले, त्या वादाच्या गाभ्याशी तोच आहे.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग १९५३ साली नेमला गेला. अहवाल १९५५ साली आला. ‘एका राज्याची एक भाषा’ मान्य केले, तरी त्यातून ‘एका भाषेचे एकच राज्य’ निघत नाही. आयोगाने हा दुसरा सिद्धान्त स्पष्टपणे नाकारला. भाषिक तत्त्वाला बाध न येता एका भाषेची अनेक राज्ये असू शकतात, हे त्याचे कारण. मराठी विदर्भाचे वेगळे राज्यही त्याने सुचविले होते. ते झाले नाही. असो. तर्क येथवर बिनचूक होता, हे मराठी माणसानेही कबूल करावे.

अडचण पुढे आहे. फेरफारासाठी आयोगाने सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी गेली, आणि छिंदवाडा जिल्हा सौंसर तहसिलीसह मध्य प्रदेशातच राहिला. आता ‘जिल्ह्यात बहुसंख्य हिंदी’ आणि ‘तहसिलीत बहुसंख्य मराठी’ ही विधाने व्याघाती नाहीत; दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, आणि होती. पण पहिल्यातून ‘तहसीलही हिंदी’ असे निघत नाही. संत्र्यांची पेटी वीस किलो भरली, म्हणून त्यातले प्रत्येक संत्रे वीस किलोचे होत नाही! आंध्र-मद्रास सीमेसाठी पाटसकरांनी गाव हा घटक धरला आणि १९६० साली त्याप्रमाणे गावे इकडची तिकडे झाली. तोच घटक येथे धरला असता, तर निष्कर्ष वेगळा निघता.

२०२३च्या ऑगस्टात जामसांवलीला हनुमान लोकाच्या भूमिपूजनप्रसंगी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली. ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर मिळून तो अस्तित्वात आला. घटक जिल्हाच ठेवा, प्रश्नही तोच ठेवा. आज त्याचे उत्तर मराठी येते. राज्याची सीमा मात्र १९५६ सालचीच आहे.